रुग्णालय प्रशासनाची पदवी घ्यायची, तर शैक्षणिक कर्ज किती घ्यावे?

बी.एस्सी., बी.फार्म., बी.ए.एम.एस. किंवा फिजिओथेरपी झालेल्या मुलामुलींच्या घरी सोलापुरात हल्ली रुग्णालय प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विषय हमखास निघतो. त्याचे कारण शहरातच दिसते. सिव्हिल म्हणून ओळखले जाणारे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, अश्विनी आणि मार्कंडेय ही सहकारी रुग्णालये आणि असंख्य खासगी रुग्णालये यांच्याकडे केवळ जिल्ह्यातूनच नव्हे, तर धाराशिव, लातूर, विजयपूर आणि कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय आहे. एवढा पसारा चालवायला डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज प्रशासनाची माणसे लागतात, हे खरे आहे. मात्र, क्षेत्राला माणसे लागतात म्हणून त्यासाठी काढलेले कर्ज फिटेलच, असा अर्थ त्यातून निघत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

बहुतेक घरांत हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. आधी महाविद्यालय पसंत केले जाते, मग त्याचे शुल्क कळते, मग तेवढे कर्ज काढले जाते आणि शेवटी पगार पुरेल अशी आशा धरली जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, सुरुवात पहिल्या वर्षी हातात पडणाऱ्या पगारापासून करावी, त्यावरून झेपणारा हप्ता काढावा, हप्त्यावरून कर्जाची मर्यादा ठरवावी आणि त्या मर्यादेत बसणारे महाविद्यालय शोधावे. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

पहिली पायरी: हे काम नेमके काय असते ते पाहून घ्या

पदवीच्या माहितीपत्रकावर ‘मॅनेजर’ असा शब्द असतो, पण सुरुवातीची दोन-तीन वर्षे बहुतेकांना टीपीए डेस्क (विमा दाव्यांचा काउंटर), बिलिंग, आयपीडी (दाखल रुग्णांचा विभाग) समन्वय, वैद्यकीय नोंदी विभाग, खरेदी-भांडार किंवा एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाविषयक मानांकनाचे दस्तऐवज सांभाळण्याचे काम मिळते. सरकारी योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या पूर्वमंजुऱ्या व दावे पाहणे हा मोठा भाग असतो.

एखाद्या दुपारी डिस्चार्ज कसा होतो, ते डोळ्यांसमोर आणा. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सकाळी दहाला ‘आज सोडा’ म्हटलेले असते. वॉर्डमधून फाइल निघायला अकरा वाजतात. न वापरलेली औषधे फार्मसीला परत गेल्याची नोंद होते, मग अंतिम बिल तयार होऊन विमा कंपनीकडे जाते. तिथून ऑपरेशन नोट्सची प्रत मागणारी क्वेरी येते आणि ज्यांच्या सहीची गरज आहे ते डॉक्टर ओटीमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियागृहात असतात. अक्कलकोटला जाणारी एस.टी. गाठायची म्हणून नातेवाईक दर दहा मिनिटांनी काउंटरवर येतात. विमा नियामकाने २०२४ मध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे, पण रुग्णालयाकडून कागद अपुरे गेले तर त्या घड्याळाचा रुग्णाला उपयोग होत नाही. हे सगळे शांतपणे मार्गी लावणे हेच या पदावरचे काम असते आणि ते मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व हिंदीतही करता येणाऱ्या सोलापूरच्या मुलांना त्यात खरोखर फायदा आहे.

म्हणून प्रवेशापूर्वी ओळखीच्या एखाद्या रुग्णालयात निदान काही आठवडे, बिनपगारी का होईना, बसून पाहावे. काम आवडले नाही तर लाखोंचे कर्ज टळते, आवडले तर मुलाखतीत सांगण्यासारखे काही हाती लागते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय अधीक्षकाचे किंवा वैद्यकीय संचालकाचे पद सहसा एम.बी.बी.एस. झालेल्या आणि वर प्रशासनाची पदवी घेतलेल्या व्यक्तीकडे जाते. अन्य शाखेच्या पदवीधराला ऑपरेशन्स, गुणवत्ता, विमा, वित्त आणि खरेदी या वाटा खुल्या असतात आणि त्या वाटांनीही वरपर्यंत जाता येते, पण कोणती शिडी आपल्याला उपलब्ध आहे हे आधी माहीत असावे.

दुसरी पायरी: सीटीसी बाजूला ठेवा, हातातला पगार काढा

प्लेसमेंटच्या जाहिरातीतील आकडा हा वार्षिक सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर मालकाचा होणारा एकूण खर्च असतो. समजा तो ३ लाख आहे, म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. त्यात मूळ वेतन १२,५०० धरले, तर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६०० रुपये हे त्या २५,००० मध्येच मोजलेले असतात. उरलेल्या सुमारे २२,९०० रुपयांतून तुमच्या वाट्याचा निधी १,५०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. हातात येतात ते साधारण २१,२००. सीटीसीत कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम धरली असेल, तर आकडा आणखी खाली येतो. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

आता हा ३ लाखांचा आकडा तुमच्यासाठी खरा कोणता, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून कळणार नाही. तिथे सर्वाधिक पॅकेज आणि सरासरी पॅकेज सांगितले जाते. दोन-तीन डॉक्टर विद्यार्थ्यांना मोठे पगार मिळाले की सरासरी वर जाते आणि बाकीच्यांचे चित्र झाकले जाते. तुम्ही विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. मागच्या तुकडीत किती विद्यार्थी होते? त्यांतल्या किती जणांना महाविद्यालयामार्फत नोकरी लागली? वैद्यकीय पदवी नसलेल्यांपैकी मधल्या विद्यार्थ्याला, म्हणजे पगाराच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मध्यभागी येणाऱ्याला, हातात किती मिळतात? त्याच संस्थेतून बाहेर पडून पाच वर्षे झालेले लोक आज कुठे आहेत? याची उत्तरे माजी विद्यार्थ्यांकडूनच मिळवावीत. लिंक्डइनवर संस्थेचे नाव टाकून सोलापूर, पुणे आणि हैदराबादमध्ये काम करणारे काही जण शोधावेत आणि अदबीने विचारावे. सात-आठ जणांशी बोलणे झाले की खरा पगार कुठल्या पट्ट्यात आहे ते कळू लागते.

इंटरनेटवर या क्षेत्राबद्दल शोधताना डोळे दिपवणारे आकडे समोर येतात, त्यांतले पुष्कळसे अमेरिकेचे असतात. तिथल्या सरकारी कामगार सांख्यिकी विभागानुसार वैद्यकीय व आरोग्यसेवा व्यवस्थापकांचा मध्यम वार्षिक पगार मे २०२३ मध्ये १,१०,६८० डॉलर होता. हा आकडा खरा आहे, पण तो अमेरिकेतला आहे आणि अनेक वर्षे काम केलेल्या व्यवस्थापकांना धरून काढलेला आहे. सोलापुरातल्या किंवा पुण्यातल्या नवख्या उमेदवाराने त्यावरून कर्जाचा विचार करू नये.

तिसरी पायरी: पगार कुठे मिळणार, त्यावर शिल्लक ठरते

सोलापूरकरांच्या दृष्टीने हा हिशेबाचा गाभा आहे. पुण्यात २६,००० आणि सोलापुरात १७,००० असे दोन प्रस्ताव समोर असतील, तर पहिला मोठा वाटतो. उदाहरणापुरते आकडे धरून पाहू. पुण्यात कॉट बेसिसवर राहणे आणि मेस मिळून १२,०००, रोजचा प्रवास २,०००, महिन्यातून एकदा घरी येणे-जाणे १,५००, फोन, कपडे, औषधपाणी वगैरे ३,००० धरले, तर खर्च १८,५०० होतो आणि ७,५०० उरतात. सोलापुरात जुळे सोलापूर किंवा अशोक चौकातल्या स्वतःच्या घरातून कामावर गेले आणि घरात ४,००० दिले, पेट्रोलला १,५०० व इतर २,५०० लागले, तर १७,००० मधून ९,००० शिल्लक राहतात. म्हणजे पगार ९,००० रुपयांनी कमी असूनही हप्त्याला जास्त पैसे उरले.

याचा अर्थ पुण्याला जाऊ नये असा मुळीच नाही. मोठ्या रुग्णालयातला अनुभव तीन-चार वर्षांनी पगाराची उडी देऊ शकतो आणि सोलापुरात ती उडी सावकाश येते. परंतु हप्ता सुरू होतो तो पहिल्याच वर्षी, तेव्हा मोजायची ती पहिल्या वर्षाची शिल्लक. दोन्ही ठिकाणांचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि त्यांतली कमी शिल्लक पुढच्या पायरीसाठी घ्या.

चौथी पायरी: शिल्लकेवरून कर्जाची मर्यादा काढा

शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण १ वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चालूच राहते. या स्थगितीच्या काळात ते सरळव्याजाने मोजले जाते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निम्मे कर्ज पहिल्या वर्षाच्या आरंभी आणि निम्मे दुसऱ्या वर्षाच्या आरंभी उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर पहिल्या निम्म्यावर तीन वर्षांचे आणि दुसऱ्या निम्म्यावर दोन वर्षांचे व्याज चढते. एकूण वाढ मुद्दलाच्या २५ टक्के होते.

म्हणजे ७.५ लाख उचलले, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणे सुमारे ९.३८ लाख झालेले असते. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास १२,३९० रुपये, १५ वर्षांत फेडायचे तर सुमारे १०,०७५ रुपये. पंधरा वर्षांचा हप्ता हलका दिसतो, पण त्यात एकूण सुमारे १८.१ लाख भरावे लागतात, तर दहा वर्षांत १४.९ लाख. वरच्या उदाहरणातल्या ७,५०० किंवा ९,००० रुपयांच्या शिल्लकेत यांतला कोणताही हप्ता बसत नाही. इथे पालकांची पेन्शन, आईचे बचत गटातले पैसे किंवा शेतीचा तुकडा हिशेबात येऊ लागतो आणि तो येऊ नये म्हणूनच हा खटाटोप आहे.

लक्षात ठेवायला सोपा आकडा असा: वरच्या अटींवर शिकताना उचललेल्या दर १ लाखामागे पुढे १० वर्षे दरमहा सुमारे १,६५० रुपये हप्ता बसतो. आता उलटे मोजा. शिल्लक ७,५०० आहे, त्यातले १,५०० आजारपण, नोकरीबदल, बहिणीचे लग्न अशा अडीअडचणींसाठी बाजूला ठेवले, तर हप्त्याला ६,००० राहतात. ६,००० भागिले १,६५० म्हणजे सुमारे ३.६ लाख. एवढीच तुमची मर्यादा. बँकेने ७.५ लाख मंजूर करण्याची तयारी दाखवली तरी ती बदलत नाही, कारण बँक पालकांच्या उत्पन्नाकडे आणि हमीकडेही पाहत असते.

पाचवी पायरी: पदवी न घेतली तर काय मिळाले असते?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि निर्णय बऱ्याचदा इथेच फिरतो. तुलना शून्य पगाराशी करू नये. समजा पदवीधर मुलगी आजच सोलापुरात एखाद्या रुग्णालयाच्या बिलिंग विभागात १३,००० रुपयांवर लागली, तर दोन वर्षांत ती ३,१२,००० रुपये कमावते आणि अनुभवाच्या जोरावर १७,००० पर्यंत पोहोचू शकते. रुग्णालय प्रशासनाची पदवी घेऊन आलेल्या तिच्या मैत्रिणीला त्या वेळी २२,००० मिळत असतील, तर पदवीची महिन्याची खरी कमाई ५,००० रुपये आहे. तिच्यावर ४ लाखांचे कर्ज असेल तर हप्ता सुमारे ६,६०० रुपये. पहिली काही वर्षे कर्ज काढून शिकलेली मैत्रीण मागेच राहते आणि बुडालेल्या दोन वर्षांच्या पगाराची भरपाई त्याहून पुढे जाते.

मग पदवी कधी परवडते? पाचव्या-सहाव्या वर्षी दोघींच्या पगारातले अंतर बरेच रुंदावले, तर. आणि ते रुंदावते, कारण मोठ्या रुग्णालयांत सहायक व्यवस्थापक व त्यावरच्या पदांसाठी एम.एच.ए. (रुग्णालय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी) किंवा रुग्णालय व्यवस्थापनातील एम.बी.ए. ही किमान पात्रता मागितली जाते. माजी विद्यार्थ्यांना पाच वर्षांनंतरचे विचारा असे वर म्हटले, ते यासाठीच. ज्या संस्थेतून बाहेर पडलेले लोक पाच वर्षांनीही त्याच टीपीए डेस्कवर बसलेले आढळतात, तिथली पदवी कर्जाच्या लायकीची नाही.

माझा कल असा आहे की, ज्यांच्या घरची स्थिती बेताची आहे आणि ज्यांना टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या नामवंत ठिकाणी प्रवेश मिळालेला नाही, त्यांनी आधी एक-दोन वर्षे काम करावे. त्या काळात बचत होते, कामाची पारख होते आणि प्रवेश परीक्षेची तयारीही करता येते. नोकरी सांभाळून ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी घेण्याचा विचार असेल, तर त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता त्या वर्षापुरती आहे की नाही, हे यूजीसीच्या संकेतस्थळावरच तपासावे. एजंटाच्या शब्दावर विसंबू नये.

सहावी पायरी: कर्जाआधी सवलती संपवा

राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या गटातील विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यंत्रमाग किंवा विडी कामगाराच्या मुलीसाठी या एका निर्णयाने सारा हिशेब बदलतो. मात्र, व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश, अभिमत विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे यांना या सवलती लागू नाहीत. चांगल्या नावाच्या अभिमत विद्यापीठाचे शुल्क आणि कॅपमधून मिळणाऱ्या साध्या महाविद्यालयाचे माफ शुल्क यांची तुलना करताना हा मुद्दा सर्वांत आधी मांडावा.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निकालाच्या आधीच काढून ठेवावीत, कारण प्रवेशाच्या दिवसांत गर्दी होते आणि एक दाखला अडला की वर्षाची सवलत हुकू शकते.

व्याजाच्या सवलतीही पाहाव्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, पण इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्यांना ती मिळत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या स्थगिती काळातले व्याज सरकारने भरण्याची जुनी योजना आहे. आपली संस्था यादीत आहे का, ते संस्थेच्या नावानिशी पाहावे.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील आयकर वजावटीचा (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०ई) उल्लेख प्रवेश मेळाव्यांत हटकून होतो. त्यात व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते हे बरोबर आहे, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि ३ लाख पगाराच्या माणसाला मुळात करच भरावा लागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत या कलमाचा उपयोग शून्य धरावा.

सातवी पायरी: बँकेत जाताना

राष्ट्रीयीकृत बँकेपासून सुरुवात करावी. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. त्यापुढे देशातील शिक्षणासाठी ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात. केंद्राच्या पतहमी योजनेमुळे ७.५ लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळू शकते. चौथ्या पायरीत निघालेली ३.६ लाखांची मर्यादा ४ लाखांच्या आत येते, ही सोयीची गोष्ट आहे.

आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलाचा हप्ता थकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर खाली येतो आणि त्यांना पुढे घरदुरुस्तीचे किंवा मागाचे कर्ज मिळणे अवघड होते. त्यामुळे मंजुरीपत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. व्याजदर बदलता आहे का, स्थगिती नेमकी कोणत्या महिन्यात संपते, विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिळवला आहे का आणि शुल्काचा पैसा किती टप्प्यांत थेट महाविद्यालयाला जाणार आहे, या चार ओळी शोधून खूण करावी. विमा नको असेल तर सही करण्याआधी तसे लेखी सांगावे.

शक्य असेल तर शिकत असतानाच व्याज भरत राहावे. ३.६ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी ते महिन्याला १,५०० रुपये आणि दुसऱ्या टप्प्यानंतर ३,००० रुपये येते. तेवढे भरले तर हप्ता सुमारे ५,९५० ऐवजी ४,७६० वर येतो आणि अशा कर्जदाराला बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्का सूटही देतात. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या अशा कर्जावर मुदतीआधी फेड केल्यास दंड घेता येत नाही, तेव्हा दिवाळीचा बोनस सरळ मुद्दलात टाकावा.

स्थगिती संपत आली आणि नोकरी लागली नसेल, तर हप्ता चुकेपर्यंत थांबू नये. दोन महिने आधी शाखेत लेखी अर्ज द्यावा, मुलाखतींची पत्रे जोडावीत आणि स्थगिती वाढवून किंवा हप्त्यांची फेरआखणी करून मागावी. आदर्श योजनेत बेकारीच्या काळासाठी अशी तरतूद आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती प्रत मंजुरीपत्राच्या फाइलीत लावावी.